‘नाही’ कोण म्हणणार?

आमच्या देवासच्या ऑफिसात काम वेळेवर संपत नाही, किस्से मात्र न मागता तयार होतात. बाहेर सांगितले की लोक म्हणतात, "काहीही फेकू नकोस." मी रोज तिथे बसतो, तरी माझाच अजून विश्वास बसत नाही.

शिरीषदादाने पुण्याची नोकरी सोडून इथे सॉफ्टवेअरची छोटी कंपनी काढली. आम्हाला घर सोडून जावं लागू नये, एवढीच त्याची जिद्द. येताना तो तिकडची शिस्तही घेऊन आला. रोज सकाळी उभ्याउभ्या मीटिंग. काय झालं, काय अडलं ते सांगा आणि कामाला लागा.

पहिल्या दिवशी सगळे गोल करून उभे राहिलो. तेवढ्यात बाळकाका आले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आमचा डेटाबेस तेच सांभाळतात. काकांना उभं ठेवायचं? आमच्यातल्या गौरीने खुर्ची दिली. काका बसले आणि म्हणाले, "तुम्हीही बसा." थोरांचा शब्द कोण मोडणार? सगळे बसले. मग पोहे आले. दादा एकटाच उभा होता, आ वासून.

*

पंकज भिया आमचा मुख्य प्रोग्रामर. इकडे भैयाचं भिया होतं. काहीही विचारा, उत्तर एकच, "हो जायगा, भिया." आठवडाभर दादा लॉगिनच्या पानाबद्दल विचारत होता. शेवटी त्याने पान उघडायला लावलं. कोरं करकरीत!

"अरे, मग रोज काय सांगत होतास?"

पंकज शांतपणे म्हणाला, "हो जायगा बोला था, भिया. हो गया कब बोला?"

*

मग दादाने दुसरी मीटिंग काढली. काय चुकलं ते मोकळेपणी बोलायचं, कुणी रागवायचं नाही. अर्धा तास आम्ही एकमेकांचं कौतुक केलं. दादा काकुळतीला आला, "एक तरी तक्रार सांगा रे."

बराच विचार करून पंकज म्हणाला, "पोहे में सेव कम थी."

*

गौरीचं काम चुका शोधण्याचं, आणि तिची नजर तांदळातला खडा सोडत नाही. एकदा बटण दाबलं की ॲपच बंद पडायचं. चूक काकांच्या कामातली. तिने नोंद केली, "आपणांस सवड झाल्यास कृपया पाहावे. घाई नाही." ॲप बंद पडतं हे दादाला ग्राहकाच्या फोनवरून कळलं. त्याने कपाळावर हात मारला.

पुढे काकांच्या धारच्या पुतण्याशी गौरीचं लग्न ठरलं. आम्ही पेढे खाल्ले. यात काही धोका आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

*

आमच्याच जिल्ह्यातल्या लोहारद्याच्या एका सोयाबीन व्यापाऱ्याचं मोठं काम मिळालं. शेतकऱ्यांनी फोनवर टोकन घ्यायचं आणि नंबर लागला की ट्रॉली आणायची. हे काम गेलं तर ऑफिसला कुलूप, असं दादाने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

टोकन सुरू झालं त्या पहिल्याच सकाळी आम्ही सगळे तिथे हजर. सगळ्या शेतकऱ्यांच्या फोनवर टोकन आलं. सगळ्यांना नंबर एक! बघता बघता साऱ्या ट्रॉल्या फाटकात घुसल्या आणि अडकल्या.

दादाने आम्हाला बाजूला घेतलं. "हे कुणाला माहीत होतं?"

गौरी रडवेली झाली. "मला. पण काकांच्या कामात चूक कशी काढू? आता ते माझे चुलतसासरे होणार."

काका खाली बघत म्हणाले, "आम्हांसही दिसली होती. पण मुलीनं तपासून बरोबर म्हटलेलं. घरात यायच्या आधीच सुनेचा शब्द खोटा कसा पाडायचा?"

दादा मटकन पोत्यावर बसला. तेवढ्यात शेठजी आले. "कल सुबह तक ठीक हो जायगा?"

दादा मान डोलवणारच होता. पंकज पुढे झाला. "नहीं होगा, सेठजी. कल नहीं. परसों."

आम्ही पंकजकडे बघतच राहिलो. हा शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

शेठजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आज तक जितने कम्प्यूटरवाले आए, सबने हाँ ही बोला. ठीक है. परसों आना."

परतताना गाडीत दादाचे डोळे भरून आले होते. पंकजचा हात घट्ट धरून त्याने विचारलं, "पंकज, परवापर्यंत होईल ना रे?"

"हो जायगा, भिया."

दादाने हळूच त्याचा हात सोडला.