डबा हलवून बघणारे काका

कोडचोरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काळ्या गॉगलवाला हॅकर आला असेल. सॉरी हां! इथे पनवेलचं एक छोटंसं ऑफिस आहे, गव्हाण गावचे वॉचमनकाका आहेत आणि चोर मी आहे.

संध्याकाळी सुटताना कोणी काही चोरून नेत नाही ना, हे बघायला काका प्रत्येकाचा रिकामा डबा कानाशी धरून हलवायचे. "चमचा हाय. जा." साहेबांचाही डबा हलवायचे. मी त्यांची नक्कल केली की अख्खं ऑफिस हसायचं.

नोकरी सोडली त्या दिवशी मी गोदामांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला. नव्या कंपनीत भाव खायचा होता. वाजू नये म्हणून पेनड्राइव्ह चपातीत गुंडाळून डब्यात ठेवला आणि गेटवर काकांच्याच आवाजात म्हणालो, "चमचा हाऽऽय. जा."

काका पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी डबा उघडला.

"दोन वर्सांत तू चपाती उरवली नाय. आज कशी?" त्यांनी चपाती उलगडली आणि पेनड्राइव्ह बाहेर आला.

"काका, प्रोग्रॅम मीच लिहिलाय!"

"गवंडी जाताना दरवाजा काढून नेतो काय? मागं असंच नेणाऱ्या एकाला पोलीस घेऊन गेले. अजून कोर्टात खेटे घालतोय."

कधी गेट न सोडणारे काका मला घेऊन वर आले आणि साहेबांना म्हणाले, "हा पोरगा तुमचा पेनड्राइव्ह द्यायला इसरला होता."

खाली आल्यावर मात्र त्यांनी मला झाडलं. "तुज्यापायी खोटा बोललो! आदी ती चपाती खा, तुज्या आईनं केलीय. आन मी 'हाय' एवढा लांब नाय ओढत!"