ईराला कसंतरी होतं

गेल्या शनिवारी इथे आयर्लंडमध्ये, आमच्या ड्रोहेडा गावातल्या एका दुकानात मॅटर्निटी पॅन्ट घ्यायला गेले होते. बरोबर माझी नऊ वर्षांची लेक, ईरा. पॅन्ट मिळाली, पण त्या दिवशी डोक्यात जो गोंधळ सुरू झालाय तो काही अजून निस्तरलेला नाही...

मला सातवा महिना चालू आहे. आईने पुण्याहून कॉटनच्या गाऊनचा ढीग पाठवलाय, पण इथल्या थंडीत ते कपाटात घडी करून ठेवायलाच छान. ऑफिससाठी पॅन्ट हवी, आणि एक पॅन्ट पोटाखालून घसरते तर दुसरी पोटावर चढून जीव घेते. ही इलॅस्टिकं बनवणाऱ्यांनी गरोदर बाई कधी पाहिली तरी आहे का, देव जाणे.

त्यामुळे घरात दिवसभर माझं एकच पालुपद... कसंतरीच होतंय. बसलं की कसंतरी, वाकलं की कसंतरी. माझा नवरा समीर स्वतःचे ट्रॅकसूट माझ्या हवाली करून मोकळा झालाय.

आता ईराचं सांगते. गेले काही महिने ती जरा वेगळीच वागत होती. कमोगी हा इथल्या मुलींचा हॉकीसारखा खेळ म्हणजे तिचा जीव की प्राण, पण त्याची प्रॅक्टिस तिने सोडली. रोज सकाळी पोट दुखायचं. काही विचारलं की वसकन अंगावर यायची, नाहीतर इथल्या पोरांचं ठरलेलं उत्तर, 'आयम ग्रँड.'

ग्रँड म्हणजे झकास वगैरे नाही हं. ठीक आहे, आता पुढे विचारू नका, एवढाच त्याचा अर्थ.

आईचं म्हणणं, बाळ येणार म्हणून रुसलीय. समीर म्हणायचा, हिवाळा आहे, अंधाराने सगळेच असे होतात. मला एक दिवस आईचं पटायचं, दुसऱ्या दिवशी समीरचं. रडत तर नव्हती ना... उदास मूल म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारं मूल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

तर, ट्रायल रूम. ईरा माझा कोट मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. एक पॅन्ट मांडीशीच अडकली आणि मी सवयीने म्हटलं, कसंतरीच होतंय बाई.

"मला पण कसंतरी होतं," ईरा म्हणाली.

चक्क मराठीत! या पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी इंग्लिशमध्ये, तेही अस्सल आयरिश. त्यामुळे आधी मला नुसतं कौतुकच वाटलं. मग वाटलं, वाढीचं वय आहे, युनिफॉर्म घट्ट होत असणार.

मी कपडे बदलून तिला मुलांच्या सेक्शनमध्ये घेऊन गेले. एक साइज मोठा ट्रॅकसूट काढून तिच्या खांद्यांना लावून बघायला लागले. ती हात पसरून गुपचूप उभी राहिली... आणि मग हळूच म्हणाली, "इट्स नॉट द क्लोद्ज, आई. इट्स इव्हन इन माय पजामाज."

केव्हा होतं असं, मी विचारलं. नेहमीच होतं, म्हणाली.

ट्रॅकसूट हातात धरून मी तिथेच उभी. आजूबाजूला शनिवारची गर्दी, कुणीतरी सॉरी म्हणत मला वळसा घालून गेलं. मला भीती वाटली... नक्की कसली, ते कळत नव्हतं.

बुधवारी आमच्या जीपींची, म्हणजे फॅमिली डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, कशी आहेस? 'ग्रँड.' मग मीच सांगायला घेतलं आणि अडकले. कसंतरीला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? अनकम्फर्टेबल म्हटलं, सिक म्हटलं, सॅड म्हटलं... प्रत्येक शब्दाला ईराची मान आपली नाही म्हणून हलायची.

शेवटी डॉक्टरबाईंनी आमचाच शब्द घेतला. हे 'कसंटरी' सगळ्यात जास्त कधी होतं, असं त्यांनी तिलाच विचारलं. आणि ईरा बोलायला लागली. सकाळी होतं, मैत्रिणी हसत असतात तेव्हा तर फारच होतं, आता कशातच मजा येत नाही... मी शेजारी बसून ऐकत होते, आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, लहान मुलांचं डिप्रेशन कधीकधी असंच दिसतं. रडण्यापेक्षा चिडचिड, पोटदुखी, आवडीच्या गोष्टी एकेक करून सुटणं. तेच आहे की आणखी काही, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून पुढे तज्ज्ञांकडे पाठवतायत. फोनवर आई म्हणाली, एवढ्याशा पोरीला कसलं आलंय डिप्रेशन? अर्धा वेळ माझ्याही मनात तेच येतं... आणि उरलेला अर्धा वेळ डॉक्टरांचं बोलणं.

त्या दिवशी दवाखान्याबाहेर गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, अगं, मग इतके दिवस मला का नाही सांगितलंस? रागावून नाही, अगदी जवळ घेऊन विचारलं. तिने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं.

"आय थॉट यू हॅड टु हॅव अ बेबी टु से दॅट."

पोटात बाळ असलं तरच असं म्हणता येतं, असं वाटलं होतं तिला. मी सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर कुरकुरत होते, आणि माझी लेक स्वतःकडे सांगण्याजोगं कारण नाही म्हणून गप्प बसून होती.

मी गाडी सुरूच केली नाही. तिला सांगितलं, कारण नसलं तरी सांगायचं, रोज सांगायचं, मला काही सुचलं नाही तरी मी ऐकेन. "ओके," म्हणाली आणि सीटबेल्ट लावला. काल सकाळी शाळेला निघताना बूट घालता घालता तिने सांगितलं, आज पण होतंय. मला खरंच काही सुचलं नाही... तिच्याशेजारी खाली बसले, आणि सांगितल्याबद्दल तिला थँक यू म्हटलं.