निळ्या कोटातल्या टाकेबाई

चुकलेला टाका दिसला की उसवायचा, ही टाकेबाईंची पस्तीस वर्षांची सवय. म्हणूनच धमकीचा मेसेज आला की त्या तो लगेच पुसून टाकत. पुसला म्हणजे संपलं! एरवी एवढी शहाणी बाई, पण भीती बसली की शहाण्याचीही अक्कल गहाण पडते.

"दुकान बंद कर, नाहीतर तुझं काही खरं नाही." नंबर अनोळखी, ना नाव ना गाव. दोन आठवडे हेच चाललं होतं. कपडे दुरुस्तीचं ते दोन खोल्यांचं दुकान नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. आता दाराची घंटी वाजली तरी सुई बोटात घुसायची. शेवटी त्यांनी एका पुठ्ठ्यावर 'दुकान कायमचे बंद' असं लिहूनही ठेवलं.

तो पुठ्ठा नेमका नणंदेच्या हाती लागला. नणंद कोर्टातली निवृत्त कारकून. तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

"वहिनी, हे काय खूळ?"

टाकेबाईंना रडूच फुटलं. सगळं सांगून त्या म्हणाल्या, "पण वन्सं, मी सगळे पुसले हो. आजचा तेवढा राहिलाय."

"धन्य आहे तुमची! पुरावा काय उसवायची गोष्ट आहे? दाखवा इकडे."

मेसेज होता: 'काल निळ्या कोटात आरशापुढे मिरवत होतीस. फार दिवस नाही मिरवणार.'

"तुमच्याकडे निळा कोट कुठला?"

"माझा नाहीच, गिऱ्हाइकाचा. बाही नीट पडते का, ते मी स्वतः घालून बघते. मागच्या खोलीत, दार लावून..." बोलता बोलता टाकेबाई थांबल्या. मागच्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर खिडकीही एकच: शेजारच्या लाँड्रीवाल्याची. तोच, जो वर्षभर गोड बोलून धंदा वाढवायला ही जागा मागत होता.

टाकेबाई तरातरा निघाल्याच होत्या. नणंदेने हात धरून त्यांना बसवलं. भांडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, काही पुसायचं नाही, असं बजावलं आणि त्यांना थेट पोलीस चौकीत नेलं.

चौथ्या दिवशी दुपारी चौकीतून फोन आला. लाँड्रीवाल्याला बोलावून घेतलं होतं. त्याने गुन्हा कबूल केला होता, आणि टाकेबाईंनी पुसलेला एकूण एक मेसेज त्याच्या जुन्या फोनमध्ये जसाच्या तसा सापडला होता.

टाकेबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता! मग त्यांना सपाटून भूक लागली. नणंदेने आणलेल्या डब्यातलं सगळं त्यांनी उभ्या उभ्याच खाल्लं.

मग त्यांनी तो पुठ्ठा घेतला, उलटा केला, त्यावर कॉलरचं माप आखलं आणि कात्री चालवली. 'कायमचे' बरोबर मधोमध कापलं गेलं.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. टाकेबाईंनी मान वर न करता हाक दिली, "या, उघडंच आहे!"