धरून ठेवलेली जागा

छोटे मालक बसमध्ये चढले तसा मी उठलो. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मी बसलो होतो ती जागा पुसली. अगदी कोपऱ्यापर्यंत पुसली. मग बसले. बरोबरच्या दोघा मित्रांना म्हणाले, "आमच्या गावचा आहे. रोज सीट तापवून ठेवते."

बसमधले लोक हसले. मीही हसलो.

ते हसू आजही माझ्या तोंडाला चिकटलेलं आहे.

इतवारीहून सीताबर्डीकडे जाणारी नागपूरची ती बस. छोटे मालक आणि मी एकाच कॉलेजात, एकाच वर्गात होतो. माझी खोली इतवारीत, बस सुटते तिथे. ते पुढे महाल या वस्तीत राहायचे. महालात येईपर्यंत बस भरून जाई. म्हणून मी आधी चढायचो, खिडकीजवळची जागा धरायचो आणि महाल आलं की उठायचो. कोणी मला हुकूम दिला नव्हता. हुकमाची गरज पडत नाही, हीच तर या रोगाची खूण.

सौंदड स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आमचं गाव. तिथून छोट्या लाइनची गाडी गोंदियाला जाते. मालक, म्हणजे छोट्या मालकांचे वडील, गावचे मालगुजार, गोंदियाला निघाले की आमच्यातला जो कोणी त्या गाडीने जाणार असेल तो आधी डब्यात चढे आणि खिडकीजवळ गमछा पसरून जागा धरे. इंजिनाची शिटी झाली की मालक सावकाश येत. गमछा उचलला जाई, मालक बसत, आणि आम्ही खाली, फळीवर, पाय दुमडून. बाक रिकामा असला तरी खालीच. मी लहान असताना एकदा बाकावर चढून बसलो, तर बाबांनी दंडाला धरून उतरवलं. मारलं नाही, रागावलेही नाहीत. त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "मालकासमोर बसते का कोणी?" एवढंच म्हणाले.

तेव्हापासून कुठेही बसलो की मला काहीतरी चोरल्यासारखं वाटे.

मालगुजारी कायद्याने संपली, तेव्हा गावात कोणी नाचलं नाही. मालकांची घरची शेती त्यांच्याकडेच राहिली. त्यातली तळ्याखालची धानाची बांधी बाबा ठेक्याने करत. गावातली सगळ्यात ओली जमीन. मी कॉलेजला निघालो तेव्हा बाबा सौंदडला पोहोचवायला आले. गाडी हलली तसे खिडकीशी चालत म्हणाले, "छोटे मालक तिथंच हायेत, बाबू. त्यायची सोय पाहत जाजो. बांधी त्यायची हाये आपल्यापाशी."

मी सोय पाहिली.

आणि त्याच काळात मी संध्याकाळी पत्रकं वाटत होतो. कसणाऱ्याची जमीन, माणसाला माणूस मालक नाही, असं त्यांत छापलेलं असे. त्यातली काही वाक्यं मीच लिहिलेली होती. सकाळी बसमध्ये उठून उभा राहायचो तेव्हा ती पत्रकं माझ्या पिशवीत असत. कंडक्टर एकदा म्हणाला, "तिकीट काढतो तू अन् बसते तो. अजब धंदा हाये बे तुझा." मी पिशवी छातीशी घट्ट धरली, कागद बाहेर डोकावतील म्हणून.

रुमालाच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी जागा धरली. महाल आलं. छोटे मालक चढले, समोर येऊन उभे राहिले, थांबले. मी उठलो नाही.

"ऊठ ना."

"मी बसलो आहे."

"काय?"

"मी बसलो आहे, छोटे मालक."

नकार देतानाही तोंडातून मालक हाच शब्द निघाला. ते वाकले. हळूच, बाजूच्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "बापाला विचारलं का?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. अंग आपोआप उठू पाहत होतं आणि मी बाकाची कड धरून त्याला खाली दाबत होतो. बंड करताना छाती फुगते असं मी पत्रकात लिहिलं होतं. खोटं होतं ते. कोणाच्या तरी ताटातलं ओढून खातो आहे, असं वाटत होतं. कॉलेज आलं. ते उतरले. मला उतरता आलं नाही. उठलो तर हरलो, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथून मी उन्हातून चालत परत आलो आणि पहिला तास बुडाला.

बापाला विचारलं का? नव्हतं विचारलं. बसलो मी, आणि किंमत मोजायची होती त्यांनी.

आमच्याकडे नव्या सालाची शेती ठेक्याने कोणाला द्यायची ते अक्षय तृतीयेला ठरतं. त्यानंतर सुटी लागली. मी मोठ्या गाडीने गोंदियाला उतरलो, तर बाबा फलाटावर उभे. ते मला घ्यायला कधी येत नसत. माझी ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली. मी ओढू लागलो तर म्हणाले, "राहू दे, आता मले कामच काय हाये."

छोट्या गाडीच्या डब्यात बाक रिकामे होते. बाबा दाराजवळ खाली बसले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"तळ्याखालची बांधी गेली," ते म्हणाले. "दुसऱ्याले देल्ली मालकानं."

मी ट्रंक बाकाखाली सरकवली.

"तू बसून राहिला म्हणते, बशीत."

"हो."

"उठला असता तं काय झिजला असता?"

माझ्यापाशी पिशवीभर कागद होते आणि या प्रश्नाचं उत्तर एकाही कागदावर नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, वर बसा."

"खालीच बरं हाये. वरतं झटके बसतेत."

गाडी सुटली. त्यांच्याशेजारी खाली बसावं, डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकावं, माफी मागावी, असं फार वाटलं. तसं केलं असतं तर त्यांनी मला माफही केलं असतं. आणि आम्ही दोघंही पुन्हा होतो तिथेच, फळीवर.

मी बाकावर बसलो. बाप खाली, मुलगा वर. याहून जड काही मी आजवर उचललेलं नाही.

मग खांद्यावरचा गमछा काढला आणि माझ्याशेजारी, खिडकीजवळ पसरला. बाबांनी ते पाहिलं. पसरण्याची ती रीत त्यांचीच होती.

हिरडामालीला माणसं चढली. टोपलं घेतलेल्या एका बाईने विचारलं, "कोणासाठी धरून राहिला रे?"

"बाबांसाठी."

"कोण बाबा?"

मी बोट दाखवलं. ती हसली. "ते तं खाली बसले हायेत. त्यायले नाही पायजे तं मले बसू दे."

"त्यांची आहे," मी म्हणालो आणि उठून तिला माझी जागा दिली. गमछ्याच्या बाजूला उभा राहिलो. आपल्या मनाने उठणं म्हणजे काय, ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सौंदडपर्यंत बाबा दाराबाहेर बघत होते. वर आले नाहीत. गमछा तसाच पसरलेला होता.

बांधी माझ्यामुळे गेली. हे मी कोणावर ढकलणार नाही. बाबांच्या मोकळ्या हातांकडे बघताना मला अपराधी वाटतं, आणि वाटत राहील. पण ती हिसकावली त्यांनी, ज्यांना एका खेडूत पोराचं बसणं सहन झालं नाही. हा हिशेब मी विसरणार नाही आणि त्यांनाही विसरू देणार नाही. मालक म्हणवणाऱ्या कोणासाठीही मी पुन्हा उठणार नाही.

आणि त्या गाडीत दरवेळी गमछा पसरणार आहे. बाबा वर येऊन बसेपर्यंत.