व्हाळाच्या अलीकडची खोली

आमच्या गावचं हॉस्पिटल गावात नाही. ते व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, वेशीबाहेर कातळावर आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, तिथली जागा कुणी फुकट दिली असेल. सासऱ्यांच्या पिढीने ते उभारलं. चिरे वाडीवाडीने डोक्यावरून वाहून नेले, छप्पर मुंबईच्या चाकरमान्यांनी घातलं, आणि रुग्णांची पेज आजही प्रत्येक वाडी आठवड्याच्या पाळीने पोचवते. त्या पाळीची यादी माझ्याकडे असते. चादरी कोण धुणार, पंप कोण लावणार, त्याचीही.

बाळंतपणाची नवी खोली बांधायची ठरली, तेव्हा ती व्हाळाच्या अलीकडे, रस्त्याला लागून हवी हा आग्रह माझा. साकवावरून गाडी जात नाही. दिवस भरलेल्या बाईला त्या अरुंद पुलावरून चालवायचं कशाला? सभेत देवळाचे म्हातारे मानकरी एवढंच म्हणाले, "पलीकडेच बरां." मी वहीत 'एक सूचना आली' असं लिहिलं आणि पुढचा विषय घेतला. त्यांना कारण विचारलं नाही.

कारण यंदा कळलं. देवाने गावपळणीचा कौल दिला. काही वर्षांनी असा कौल आला की सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. जुन्यांनी हॉस्पिटल वेशीबाहेर का बांधलं, ते राहुटीचे बांबू मोजताना माझ्या डोक्यात आलं, आणि हातातला बांबू तसाच राहिला. नवी खोली वेशीच्या आत होती.

मी लगेच यादी केली. औषधं, लशींचा फ्रीज, सिस्टरची नोंदवही, सगळं पलीकडे नेलं. बाळंतपणाचं टेबल जड म्हणून राहिलं, त्याच्याबरोबर मोठा दिवा आणि सामानाचा डबाही. माहेरी बाळंतपणाला आलेल्या माझ्या पुतणीला अजून तीन आठवडे होते. तीन दिवसांचाच तर प्रश्न, असं मी स्वतःला सांगितलं.

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी तिच्या पोटात दुखू लागलं. सिस्टरने तपासलं आणि जुन्या इमारतीतल्या खाटेवर निजवलं. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती दुसऱ्या गावाला निघालेली. मी राहुटीतून हॉस्पिटलात, हॉस्पिटलातून साकवापर्यंत, पुन्हा मागे. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे.

"काकी, बस गो एका जाग्यार," पुतणी म्हणाली. "तुका बघून माका जास्त दुखता."

सिस्टर घाटावरची. ती म्हणाली, "पहिलटकरीण आहे, मूल आडवं वाटतंय. मला टेबल हवं, मोठा दिवा हवा, उकळलेल्या सामानाचा डबा हवा. मी काही तुमच्या गावची नाही, मी आत जाते. पण टेबल एकटीला उचलणार नाही."

आम्ही सगळे व्हाळाकाठी उभे. कुणी पाऊल टाकेना. शेवटी मीच मानकऱ्यांकडे गेले. ते राहुटीच्या दारात विडी ओढत बसले होते.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगत होता."

"सांगलंय खंय? बोललंय आणि गप रवलंय. माका वाटला, तुका म्हायत आसतला." त्यांनी विडी विझवली. "तुझ्या वहीत सगळा आसता, वेस तेवढी नाय."

ते साकवापाशी आले, देवळाकडे तोंड करून हात जोडले. "महाराजा, लेकराच्या कामाक जातत. सांभाळून घे." मग आमच्याकडे वळले. "जावा. चूल पेटवू नकात, बसू नकात, घराकडे बघूक जावू नकात."

चार पुरुष, सिस्टर आणि मी. भर सकाळी गावात एक कोंबडी नाही, एक कुत्रं नाही. माझ्याच घरावरून गेले आणि मान वळवली नाही. टेबल साकवावर अडकलं. पाय काढावे लागले, आणि पाना माझ्या यादीत नव्हता. एकाने विळ्याच्या पाठीने ठोकून ते सुटे केले.

दुपारी मूल झालं. सिस्टरने बाहेरून हात लावून ते फिरवलं होतं. मुलगी. आई बरी, मूल बरं, हे दोनदा ऐकल्यावर मी पहिल्यांदा खाली बसले.

गाव परतला. टेबल पुन्हा नव्या खोलीत गेलं, कारण एरवी रस्ता तिकडेच आहे. तिथल्या दारावर मी कागद चिकटवलाय: गावपळणीला आधी काय न्यायचं. पहिलं टेबल, दुसरा पाना, तिसरा दिवा. पुतणी बाळाला घेऊन तो वाचत उभी होती.

"माझा नाव नको हां घालू यादीत. एक पुरे."

वर तारखेसाठी जागा सोडली आहे. ती देव भरणार. आता दिवस राहिलेली कुणी दिसली, की माझं लक्ष आधी त्या रिकाम्या जागेकडे जातं.