मुश्ताकभाईची घरची स्टेपनी

घुग्घुसच्या नाक्यावर मुश्ताकभाईचं टायर-पंक्चरचं दुकान. ट्रक कोणाचाही असो, चाक बसवून झालं की तो स्टेपनीवर हातोडी मारून आवाज ऐकणारच. कोळशाच्या गाड्यांचे ड्रायव्हर वैतागायचे.

"भाऊ, पंक्चर पुढच्या चाकाले हाय, तू मागं काय ठोकून राह्यला?"

"रस्त्यात अडकशीन तवा माही याद करशीन," म्हणत तो हवा भरूनच गाडी सोडायचा. असा हा पक्का माणूस घरी मात्र सपशेल फसला.

त्याची बायको फरहत जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलणंही नाही. लेकीला हाक मारायची तर ती टाळ्या वाजवायची, आणि गल्लीच्या टोकाला खेळणारी शिरीन त्या टाळ्यांवर धावत यायची. बाकी मायलेकींचं सगळं हातांनी चाले. दोघी गप्पांना बसल्या की मुश्ताकभाईला मधे शिरायला फट मिळत नसे. पुढे शिरीन लग्न होऊन मस्कतला गेली. फरहतला फोन काय कामाचा? म्हणून २००९ साली घरात कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट आलं, आणि दर शुक्रवारी दुपारी पडद्यावर हात हलू लागले. तार वरचेवर तुटायची, म्हणून मुश्ताकभाईनं मोबाइलच्या सिग्नलवर चालणारं एक डोंगलही आणलं. 'ही आपली स्टेपनी,' असं बायकोला खुणेनं सांगून त्यानं ते रुमालात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं.

मग शिरीनला मुलगी झाली. फोनवर ती म्हणाली, "अब्बा, पोरीले चांगलं ऐकू येते. अम्मीले सांगा." त्यानं सांगितलं. फरहतनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. नवरा वाईट बातमी साखरेत घोळून देतो, हे तिला संसारभर ठाऊक. आपलं बहिरेपण नातीच्या वाट्याला गेलं असणार, अशी धास्ती तिनं घेतली. शुक्रवारी स्वतःच्या डोळ्यांनी बघेन तेव्हाच खरं, एवढंच तिनं हातांनी सांगितलं.

आणि नेमकी शुक्रवारी सकाळी रस्ता खोदणाऱ्या मशीननं तार तोडली. सायबर कॅफेही त्याच तारेवर, तेही बंद. मुश्ताकभाईनं ऐटीत रुमाल सोडला, डोंगल लावलं. ढिम्म. पडून पडून त्याची मुदत कधीच संपली होती. फरहत ठेवणीतली ओढणी घेऊन पडद्यापुढे बसली होती. तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटली.

मोबाइलच्या दुकानात मालक गुणवंतरावांना हसू आवरेना. "काऊन मुश्ताकभाई, दुनियेच्या स्टेपन्या ठोकता, अन् घरचीच नाई पाह्यली?" हसतच त्यांनी रिचार्ज मारून दिला.

घरात टिनाच्या छपराखाली सिग्नल मिळेना. शेवटी लांब वायर जोडून डोंगल अंगणातल्या बांबूला बांधलं, तेव्हा कुठे शिरीनचा आवाज आला. पण चित्र जागचं हलेना. आवाज मुश्ताकभाईला मिळाला, फरहतच्या वाट्याला नातीचा अर्धा गाल. तिचे डोळे भरून आले.

"अब्बा, तुमचा कॅमेरा बंद करा, लाइनवरचा भार कमी होईन," शिरीन म्हणाली. "मले अम्मी नाई दिसणार, पण अम्मीले आमी दिसू."

त्यानं कॅमेरा बंद केला. थोड्या वेळानं चित्र हललं. दुपट्यातलं बाळ, टक्क उघडे डोळे. फरहत बघत राहिली. मग पुढे वाकली आणि माइकजवळ तिनं टाळ्या वाजवल्या, पूर्वी गल्लीत वाजवायची तशाच.

क्षणभरानं बाळ दचकलं. दोन्ही मुठी वर उडाल्या, डोळे इकडेतिकडे शोधू लागले.

"आली मी, अम्मी!" शिरीनच्या तोंडून लहानपणीसारखं निघून गेलं, आणि तिला रडू फुटलं. ते मुश्ताकभाईनं ऐकलं आणि तोही रडला. फरहतला यातलं काही ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा टाळ्या वाजवल्या, पुन्हा बाळ दचकलं. तिसऱ्यांदा मात्र त्यानं भोकाड पसरलं. शिरीन रडता रडता हातानं 'बस, बस' करत होती, आणि फरहत काही थांबायला तयार नव्हती.