गरम पाण्याच्या गावाला

आमचे हे, नाव घ्यायचं तर सहादू, मुलखाचे घुमे. कारखान्याने नवीन मशीन शिकायला त्यांना चौऱ्याऐंशी साली जपानला पाठवलं. इंदिरानगरातली आमची अख्खी गल्ली निरोपाला लोटली, तरी हे गप्प. परत आले तरी गप्पच. मला कुठला दम निघतोय! म्हटलं, "अहो, जपानला गेला होतात की चांदवडच्या बाजाराला? काही सांगाल की नाही?"

मग चहाबरोबर थोडं थोडं सुटायला लागलं. एका सुट्टीला तिथल्या फोरमनने त्यांना डोंगरातल्या एका गावी नेलं. गावभर जमिनीतून कढत पाणी येतं. गटारातूनसुद्धा वाफा, गंधकाचा वास. बायामाणसं एकसारखे सुती झगे घालून, लाकडी खडावा वाजवत रस्त्याने हिंडतात. अंडीही झऱ्यातच उकडतात म्हणे.

"आणि आंघोळ?"

"पुरुष सगळे एका हौदात. बायकांचा हौद वेगळा."

"कपड्यांसकट?"

"छे! हातभर फडकं. तेही पाण्यात बुडवायचं नाही, डोक्यावर ठेवायचं."

"अगं बाई!" मला हसू आवरेना. पलंगावर बसलेल्या माझ्या सासूबाई, नवसाबाई, त्याही पदराआड हसल्या. "आमचा सहादू? लाजून मेला आसंल!"

हे कप ठेवून उठायलाच लागले. मी कुठली सोडते? "पुढं बोला."

हे सरळ हौदाकडे निघाले. पाय टाकणार, तोच काठाशी पाण्यात बसलेला एक म्हातारा ओरडला आणि त्याने हात आडवा केला.

"मला वाटलं, यांना आपली जात कळली," हे म्हणाले.

लहानपणी भर उन्हात गावच्या बारवेत उतरून हे ओंजळभर पाणी प्यायले होते. गावाने मारलं ते मारलं, वर बारवेत गोमूत्र शिंपडलं. पुढे घराने दीक्षा घेतली, नोकरी लागली, शहरात घर झालं. पण चारचौघांच्या पाण्याशी गेलं की ह्यांचा पाय अडतोच. सातासमुद्रापार कुणाला काय कळणार, असं डोकं सांगत होतं, पण पाय ऐकेनात. हे मागे फिरून कपड्यांच्या टोपलीपर्यंत आले. ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात फोरमनने हाताला धरून त्यांना भिंतीपाशी बुटक्या स्टुलावर बसवलं. तिथे नळांची रांग होती आणि जो तो साबण लावून खसाखसा अंग घासत होता. आधी स्वच्छ व्हायचं, मगच हौदात उतरायचं, असा तिथला रिवाज. म्हातारा तेवढंच सांगत होता. आंघोळीआधी आंघोळ! एकेक तऱ्हा ऐकावी ती नवलच. फोरमनने ह्यांची पाठ चोळून दिली, आणि हे आले तसं त्या म्हाताऱ्याने पाण्यात सरकून जागा केली.

"उतरलात?"

"उतरलो. गळ्यापर्यंत. बाहेर यावंसंच वाटेना."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. सासूबाई मात्र हसत नव्हत्या.

"आन् तू भाईर आल्यावर?" त्यांनी विचारलं. "पाणी बदललं का रं त्यांनी?"

"नाही आई. मी निघालो तेव्हा एक बाप तान्ह्या लेकीला घेऊन उतरला. त्याच पाण्यात."

"तान्ह्या लेकराला?"

"हो आई."

"परत सांग," त्या म्हणाल्या, आणि रडत रडत पुन्हापुन्हा तेवढंच ऐकत राहिल्या.